फाटकानंतरच्या खेळ्या

रसदीची सोंगटी पुन्हा फाटकाबाहेर होती. आरेखकानं खांद्यावरची पिशवीही न उतरवता जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या युद्धखेळाच्या पटावर वाकून पाहिलं. सकाळी ऑफिसला जाताना त्यानं ती स्वतःच्या हातानं छावणीच्या आत, सुटकेनंतर लागेल म्हणून आजाऱ्यांच्या बराकीच्या चौकोनात ठेवली होती. आता ती काटेरी तारेच्या बाहेर, लॉरीच्या सोंगटीवर, कडेला कड जुळवून बसवलेली होती. बाकी काही हललं नव्हतं. पूल पुलाच्या जागी होता, पहारेकऱ्यांच्या सोंगट्या मनोऱ्यांवर होत्या, सुटकेला निघालेली तुकडी नदीच्या अलीकडे खोळंबून होती. फक्त हीच एक, आणि तीही तिसऱ्यांदा. पहिल्या दिवशी त्याला वाटलं आपणच विसरलो असू. दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, ‘मला दुसरे उद्योग नाहीत का? महिना झाला आपण मांडीवर ताटल्या घेऊन जेवतोय, तुमच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांना धक्का लागू नये म्हणून. धूळसुद्धा मी फुंकर मारून काढते.’ ते खरंच होतं. मांजर घरात नव्हतं, वाऱ्यानं हललं असतं तर सगळंच हललं असतं. राहता राहिले बाबा. पण बाबा नव्वदीचे, दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसलेले. त्यांना टेबलापर्यंत यायचं तर भिंतीला धरत वीस-बावीस पावलं, आणि आल्यावर करायचं काय? त्यानं सोंगटी उचलून परत आत ठेवली. त्यांच्यावर संशय घ्यावा असं त्याच्या मनातही आलं नाही, आणि हे पुढे त्याला फार लागलं.

पोटापाण्यासाठी तो शहराच्या पाणीखात्यात नळांचे नकाशे काढायचा. कुठली वाहिनी कुठल्या रस्त्याखालून जाते, कुठे झडप आहे, कुठे जुना पाइप नुसताच पुरून ठेवलाय, हे त्याला तोंडपाठ. दुसऱ्याच्या नकाशातली चूक काढण्यात तर त्याचा हात कोणी धरला नसता. उरलेल्या वेळात तो युद्धखेळ रचायचा. पट, सोंगट्या, फासा, नियमांची पुस्तिका, आणि खऱ्या घडलेल्या लढाया. असे अकरा खेळ त्याच्या नावावर होते आणि ते विकत घेणारी माणसं एका बसमध्ये मावली असती, पण ती माणसं जीव लावून खेळायची. प्रकाशकाचा फोन आला तेव्हा तो ऑफिसात पेन्सिलीला टोक काढत होता. ‘छावणीची सुटका करा,’ प्रकाशक म्हणाला. ‘शेवटच्या वर्षातली ती नदीपलीकडची. आठ खेळ्या. आठव्या खेळीपर्यंत फाटक उघडलं तर सुटका करणारा जिंकला, नाही तर पहारेकरी. फाटक उघडलं की खेळ खलास. जमेल?’ हा पटकन जमेल म्हणून बसला. फोन ठेवल्यावर त्यानं झालेलं टोकच पुन्हा काढायला घेतलं, कारण त्याच छावणीत त्याच्या बाबांनी दीड वर्ष काढलं होतं, आणि बाबांचे मोठे भाऊ तिथून परत आलेच नव्हते.

मोठ्या काकांना त्यानं पाहिलेलं नाही. एक फोटो होता, त्यात दोघं भाऊ एकाच सायकलवर, काका दांडा धरून आणि बाबा मागे कॅरिअरवर, दोघांचे दात दिसतायत. बाबांना त्याबद्दल विचारायची घरात पद्धत नव्हती. आई होती तोवर ती डोळ्यांनी दटावायची आणि आई गेल्यावर ते दटावणं तेवढं घरात राहिलं. सगळं मिळून बाबांनी आयुष्यभरात चार वाक्यं सांगितली होती. दोघं एकदम पकडले गेलो. दीड वर्ष होतो. फाटक उघडायच्या दोन दिवस आधी दादा गेला. आणि चौथं, जे दर वेळी ऐकणाऱ्याला हसवायचं: बटाटा नेहमी नीट उकडून घ्यावा. एवढ्यावर त्यानं लहानपणापासून भागवलं. आता हा खेळ हातात आल्यावर त्याला वाटलं, न विचारता विचारायची ही संधी आहे. पट मुद्दाम जेवणाच्या टेबलावर मांडला तो त्यासाठीच. बाबांनी यावं, पाहावं, बोट ठेवून म्हणावं की इथे विहीर होती, किंवा नव्हती. बाबा आले नाहीत. मग त्यानं एकट्यानंच खेळायला सुरुवात केली, दोन्ही बाजूंनी, आणि खरं सांगायचं तर खेळ तपासायला नव्हे. त्याला ती तुकडी दोन दिवस आधी पोचवायची होती. पुलावरून गेलं तर फाटक आठव्या खेळीला उघडायचं, इतिहासात उघडलं तसंच. रानातून वळसा घेतला, फासा धार्जिणा पडला, आणि पहारेकरी झोपेत सापडले, तर सहाव्या खेळीला. दोन खेळ्या म्हणजे दोन दिवस. अठरा डावांत असं एकदा झालं. तेव्हा तो उठून बाबांच्या खुर्चीपर्यंत गेला होता, आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट करून परत आला होता. काय सांगणार? की तुमचा भाऊ अठरात एकदा वाचला असता?

रविवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत पटाची दुसरी प्रत खेळून तपासायला मंडळी जमली. मंडळी म्हणजे दोनच. एक जनरल, म्हणजे चपलांचा दुकानदार, ज्यानं आयुष्यात बंदूक धरली नव्हती पण सोंगटी पुढे सरकवताना ज्याची छाती दोन बोटं फुगायची. दुसऱ्या सिस्टर, चाळीस वर्षं इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्या लोकर विणत खेळायच्या आणि बहुतेक वेळा जिंकायच्या. जनरलकडे सुटकेची तुकडी, सिस्टरांकडे पहारेकरी. जनरलनं सातव्या खेळीलाच फाटक फोडलं आणि खुर्ची करकरवत मागे रेलला. एक खेळी उरली होती. ‘वाया कशाला घालवायची?’ म्हणत त्यानं रसदीची लॉरी सरळ आत घातली आणि रसदीची सोंगटी आजाऱ्यांच्या बराकीत टेकवली. ‘उपाशी आहेत बिचारे. खाऊ देत पोटभर. सूप, मांसाचे डबे, घट्ट दूध, सगळं काढा.’ सिस्टरांनी टाका मोजता मोजता मान वर केली आणि म्हणाल्या, ‘मग मेले ते.’

‘काय म्हणजे?’ जनरल म्हणाला. ‘वाचवलं मी त्यांना.’

‘वाचवलंस, आणि आता मारलंस. दीड-दीड वर्ष पोटात काही नाही, आणि त्यावर एकदम एवढं ढकललं तर शरीराला ते झेपत नाही रे. हृदय बंद पडतं. त्याच दिवशी नाही, दोन-तीन दिवसांनी. आमच्याकडे अशी माणसं यायची ना, तर आम्ही चमच्यानं द्यायचो, घड्याळ लावून. एक चमचा, मग पंधरा मिनिटं काही नाही. पेशंट रडायचा, शिव्या द्यायचा, नातेवाईक आम्हाला कसाई म्हणायचे. एका आईनं चोरून डबा आणून भरवलं मुलीला. काय वाईट केलं तिनं? मायेनंच भरवलं. तिसऱ्या दिवशी गेली ती मुलगी.’ एवढं बोलून सिस्टरांनी विणकाम पुन्हा हातात घेतलं आणि आरेखकाकडे न बघता म्हणाल्या, ‘तुझा खेळ फाटकाशी संपतो ना, तिथे चुकलाय तो. खरं काम फाटकानंतरचं.’

जनरल पुढे काहीतरी वाद घालत राहिला, लोकरीचा गुंडा टेबलाखाली घरंगळला, कोणीतरी खालून येऊन वर्तमानपत्राच्या गठ्ठ्याबद्दल विचारून गेलं, पण आरेखकाच्या कानात फक्त ‘घड्याळ लावून’ एवढंच घुमत राहिलं. त्याला आठवलं, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. टायफॉइडमधून उठला होता, एकवीस दिवसांनी डॉक्टरांनी खायला परवानगी दिली होती, आणि आई वाटीत दूध-पाव कुस्करत असताना बाबांनी ती वाटी तिच्या हातातून काढून घेतली. खाटेच्या कडेला बसले. मनगटावरचं घड्याळ काढून उशाशी ठेवलं. एक चमचा दिला आणि थांबले. तो रडला, हातपाय आपटले, वाटीला झोंबला, बाबांनी वाटी उंच धरली. आई म्हणाली, ‘पोटचं पोर आहे की वैरी?’ बाबा घड्याळाकडे बघत राहिले. शेजाऱ्यांपर्यंत ही गोष्ट जायला वेळ लागला नाही, आणि तेव्हापासून गल्लीत बाबांचं नाव पडलं चमचेवाले. मग सातवीत असताना त्याचा एक मित्र घरी आला. त्याच्या घरी काहीतरी बिनसलं होतं, दोन दिवस त्याच्या पोटात काही नव्हतं. बाबांनी त्याला अर्धा कप दूध दिलं आणि भांडं उचलून आत नेलं. पोरानं वर्गात सांगितलं, याच्या घरी अर्धा कप दूध मिळतं. ती लाज त्यानं चाळीस-पंचेचाळीस वर्षं जपून ठेवली होती. पाहुण्याला आग्रह करायचा नाही, वाडगा निम्मा भरायचा, आणि स्वतः बाबांनी तर जेवताना निम्मं नेहमी तसंच ठेवायचं. गेल्याच महिन्यात, बायकोच्या माहेरची माणसं आली असताना, तो चारचौघांत बाबांना म्हणाला होता, ‘आयुष्यभर हात आखडता. आता तरी सोडा.’ बाबांनी तेव्हाही मान खाली घालून आपला निम्मा वाडगा पुढे सरकवला होता.

घरी जाताना तो बसमध्ये चढला नाही. रविवारची दुकानं अर्धी बंद, फुटपाथवर कोणीतरी खोकी रचून ठेवलेली, आणि त्याला रस्ता दिसत होता पण आपण त्यावर कुठवर आलो ते कळत नव्हतं. पायाखाली वाहिन्या होत्या, सगळ्या त्यानं काढलेल्या. इथे झडप, तिथे वळण, इथे एक जुना पाइप, बंद करून पुरलेला, ज्यात कित्येक वर्षं तेच पाणी साचून आहे. त्याला स्वतःची लाज वाटली. घरी गेल्या गेल्या त्यानं कपाटाचा खण ओढला आणि काकांच्या मृत्यूचा कागद काढला. बायको दारात येऊन म्हणाली, ‘काय झालं? चेहरा का असा?’ तो म्हणाला, ‘काही नाही, एक तारीख बघतोय.’ कागदावर तारीख होती फाटक उघडल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची. ही तारीख त्यानं पूर्वीही पाहिली होती, महिन्याभरापूर्वी, पुस्तिकेसाठी माहिती जमवताना. आणि त्यानं काय केलं होतं? कारकुनाची चूक म्हणून ती पेन्सिलीनं खोडून शेजारी बरोबर तारीख लिहिली होती, फाटकाच्या दोन दिवस आधीची, बाबांनी सांगितलेली. दुसऱ्याचा नकाशा सुधारायची सवय. त्यानं रबर घेतलं आणि आपलं अक्षर पुसलं, हळू, कागद फाटू नये म्हणून. मोठे काका कैदेत मेले नव्हते. सुटल्यावर मेले होते, मोकळ्या हवेत, धाकट्या भावाशेजारी. तो धाकटा भाऊ भिंतीपलीकडे खुर्चीत बसला होता, आणि ही ‘दोन दिवस आधी’ची लबाडी त्यानं सत्तर वर्षं एकट्यानं ओढली होती.

त्या आठवड्यात त्यानं खेळाला तीन खेळ्या जोडल्या. नववी, दहावी, अकरावी. त्यांत लढाई नव्हती, शत्रू नव्हता. फक्त बराक, लॉरी, आणि रसद. रसदीची अख्खी सोंगटी आत नेली तर बराकीतले सगळे जायचे, फासा टाकायचासुद्धा नाही. तिन्ही खेळ्यांत एकेक चतकोर दिला, आणि मधे रडारड होईल ती ऐकून घेतली, तर शेवटी फासा टाकायचा. तीन किंवा वर पडला तर माणूस वाचला. एक किंवा दोन पडला तर तुम्ही सगळं बरोबर करूनही गेला. सिस्टर म्हणाल्या हे असंच असतं. प्रकाशकाला फोनवर वाचून दाखवलं तर तो म्हणाला, ‘फाटकानंतर कोण खेळणार, राव? लोकांना धडामधुडुम पाहिजे. घास काढून घ्यायला कोण बसेल?’ हा म्हणाला, ‘मग छापू नका.’ असं तो कधी कोणाला बोलला नव्हता. प्रकाशक बघतो म्हणाला आणि फोन ठेवला. बघू दे. त्याला आता छापण्याची फिकीर नव्हती. त्याला बाबांना सांगायचं होतं की कळलं, चमचा कळला, वाडगा कळला, आणि तुमची त्यात काही चूक नव्हती. पण हे तोंडानं कसं म्हणतात? या घरात असं काही तोंडानं म्हटलेलं त्यानं ऐकलंच नव्हतं. शिवाय बाबांचं आता खरं नव्हतं. घास उतरत नव्हता, डॉक्टर कपाळाला आठ्या घालून गेले होते. कधी ते कालचं आजचं एक करायचे. उशीर झाला तर जन्माचा झाला, एवढं त्याला समजत होतं.

बुधवारी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला. बूट दारातच काढले, आवाज न करता. बाबा टेबलाशी उभे होते. एका हातानं खुर्चीची पाठ धरलेली, दुसऱ्या हातानं ते रसदीची सोंगटी, जी रात्री नवा नियम तपासताना आतच राहिली होती, बराकीतून उचलत होते. ती तारेवरून नेताना त्यांनी हात उंच केला, खऱ्या तारेवरून न्यावी तसा, आणि ती लॉरीवर टेकवून कडेला कड जुळवली. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. ‘ही आत नाही ठेवायची,’ ते म्हणाले. ‘किती वेळा सांगायचं?’

‘चुकलं, बाबा,’ तो म्हणाला. ‘मला माहीत नव्हतं.’

त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, समोर स्वतः बसला. मग त्यानं चतकोर रसदीच्या तीन छोट्या सोंगट्या पटाच्या कडेला मांडल्या आणि विचारलं, ‘खेळता? फाटक उघडलंय. तीन खेळ्या आहेत.’ बाबांनी त्या तुकड्यांकडे पाहिलं. मग एक उचलला आणि बराकीत ठेवला. ‘थांब आता,’ ते म्हणाले. आरेखक थांबला. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. स्वयंपाकघरात नळ गळत होता. हा इतके दिवस आपण दुरुस्त का नाही केला, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पंधरा मिनिटं तो हलला नाही. पंधरा मिनिटांनी बाबांनी दुसरा तुकडा ठेवला. तो ठेवतानाच ते बोलायला लागले, पटाकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही. ‘डबा मीच फोडला होता. घट्ट दुधाचा. खिळ्यानं दोन भोकं पाडली. शिपायानं दिला, चांगला माणूस होता, स्वतःचा डबा दिला त्यानं. दादाला उठवत नव्हतं, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अजून म्हणाला. मी म्हटलं घे. अजून म्हणाला. हसत होता तो. त्याच्या हनुवटीवर सांडलेलं पुसून मी तेही त्याच्या तोंडात घातलं.’ मग पुन्हा घड्याळ. आरेखकानं टेबलावरून हात पुढे केला आणि बाबांच्या मनगटावर ठेवला. ते मनगट इतकं बारीक झालेलं त्याला आजवर दिसलं नव्हतं. ‘तुम्हाला ठाऊक नव्हतं, बाबा,’ तो म्हणाला. ‘कोणालाच ठाऊक नव्हतं. मी असतो तर मीही तेच केलं असतं.’ बाबांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. वेळ झाल्यावर त्यांनी तिसरा तुकडा ठेवला आणि फाशासाठी हात पसरला.

लहानपणी, सातव्या वर्षी, हरायला लागल्यावर त्यानं कोपरानं फासा उलटवला होता. बाबांनी पट गुंडाळून महिनाभर माळ्यावर टाकला होता. ‘फासा म्हणजे फासा,’ ते म्हणाले होते. ‘पडला तो पडला.’ त्याच्या सगळ्या खेळांच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर हेच वाक्य असायचं, आणि अकरा खेळांत त्यानं कोणालाही एकदासुद्धा फासा पुन्हा टाकू दिला नव्हता. आता बाबांच्या तळहातावरून फासा सुटला, टेबलाच्या कडेवरून खाली पडला आणि कपाटाखाली गेला. आरेखक गुडघ्यांवर बसला, गाल फरशीला टेकवला, आणि धुळीत त्याला तो दिसला. दोन ठिपके होते. त्यानं ते दोनदा मोजले, मोजण्यासारखं काही नव्हतं तरी. वर बाबांची पावलं दिसत होती, पायमोज्यातली, जवळजवळ जुळवून ठेवलेली. त्यानं फासा मुठीत घेतला आणि खालूनच म्हणाला, ‘पाच.’

‘पाच?’

‘पाच पडलाय. वाचले काका.’

तो वर आला तेव्हा बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा हलला नव्हता. ते पुसायला त्यांनी हातही वर नेला नाही. बायको सूप घेऊन आली, दोघांना टेबलाशी बसलेलं पाहून तिनं वाडगा पटाच्या कडेला, नदीवर ठेवला आणि गेली. बाबांनी चमचा उचलला. एक घेतला, थांबले, दुसरा घेतला. गेल्या आठ दिवसांत एवढं उतरलं नव्हतं. मग चमचा ठेवून त्यांनी दाराकडे पाहिलं आणि विचारलं, ‘वाचला, तर मग इतके दिवस घरी का नाही आला?’

याला त्याच्याकडे नियम नव्हता. आपण फासा उलटवला तेव्हा हा प्रश्न येणार हे त्याला समजायला हवं होतं, आणि आता माघार घेता येत नव्हती. त्यानं मूठ टेबलाखाली नेली. ‘लांब आहे ना, बाबा,’ तो म्हणाला. ‘पायी निघालेत. हळूहळू येतायत.’

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. ‘बरोबर आहे. हळूच यायला पाहिजे. घाई केली की माणूस जातं.’ त्यांनी वाडगा, निम्मा राहिलेला, जन्मभर सरकवत आले तसा दोन बोटांनी पुढे सरकवला. ‘हे झाकून ठेव. तो आला की दे. पण एकदम सगळं देऊ नकोस.’

‘नाही देणार,’ आरेखक म्हणाला, आणि उठून वाडग्यावर ताटली झाकली.